एका बाकावरचे दोन परदेशी

आमच्या शाहूपुरीतल्या घराच्या माडीवर दोन खोल्या होत्या. खाली आम्ही आणि वर कोणीतरी भाडेकरू, हे माझ्या जन्मापासून चालत आलेलं. बदलून आलेले बँकेचे लोक, एस.टी.तले एक तपासनीस, एक नवं लग्न झालेलं जोडपं, अशी माणसं आली आणि गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या खोल्या बरेच दिवस रिकाम्या पडल्या होत्या, तेव्हा ती आली.

ती पूर्व आफ्रिकेतली. देशाचं नाव लिहिलं तर जुने लोक लगेच ओळखतील, म्हणून लिहीत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करायला ती कोल्हापुरात आली होती. सुरुवातीला कुणाच्या तरी ओळखीनं एका घरी राहिली, मग राजारामपुरीपासून टाकाळ्यापर्यंत खोली शोधत हिंडली. फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असायची. बेल वाजवली की दार उघडायचं आणि आतलं माणूस तिच्याकडं बघून सांगायचं, "खोली कालच गेली." तिला पाठ झालेलं ते पहिलं मराठी वाक्य. आमच्या दारात उभी राहिली तेव्हा तिनंच आधी विचारलं, "खोली कालच गेली?"

माझ्या वडिलांना, अप्पांना, त्यातलं काही उमगलं नाही. "कुठं गेली? हाय की. बघा वर जाऊन," ते म्हणाले.

अप्पांची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. त्या दिवशी ते सोप्यात बसून नमुन्याला आलेल्या गुळाचे खडे फोडून बघत होते. तिनं वास घेतला आणि माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाली, आमच्याकडंही ऊस आहे, आमच्याकडंही हे करतात. मी तेव्हा नुकतीच वकिलीची सनद घेतली होती आणि एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली कोर्टात जायला लागले होते. घरात इंग्रजी बोलणारी मी एकटीच. मी अप्पांना सांगितलं तसे ते सरसावून बसले.

"विचार तिला, तिकडं गूळ कशात घालत्यात?"

तिनं खरं ते सांगितलं. "बराचसा दारूत."

हे सांगावं की नको, असं मला झालं. मग सांगून टाकलं. अप्पा बराच वेळ हसत राहिले. "म्हंजे आपल्यागतच की," म्हणाले आणि किल्ली आणायला उठले.

आमचं घर लिंगायतांचं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिनं आतूनच अट घातली, "खोलीत मटण-मासं शिजवायचं न्हाय." आमची नवी भाडेकरू लगेच कबूल झाली. दर रविवारी दुपारी ती छत्री घेऊन बाहेर पडायची आणि तांबडा-पांढरा रस्सा जेवून यायची. अव्वाला ते ठाऊक होतं. त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. वर्ष संपायच्या आत ती अप्पांना अप्पा, आईला अव्वा आणि मला अक्का म्हणायला लागली होती. मराठी ती कुणाकडं बसून शिकली नाही, पण अव्वाशी रोज जिन्याखाली बोलून बोलून तिच्या तोंडात बसली. त्यात मधेमधे अव्वाचे कानडी शब्दही यायचे आणि ते कानडी आहेत हे तिला माहीत नसायचं.

परदेशी विद्यार्थ्यांना राहण्याची मुदत दर वर्षी वाढवून घ्यावी लागे. ते काम ज्या कार्यालयात व्हायचं त्याचं नाव इथं नको. तिथली माणसं एव्हाना निवृत्त झाली असतील, आणि मला त्यांच्याशी भांडण उकरून काढायचं नाही. दुसऱ्या वर्षी अप्पा म्हणाले, "तू जा की संगट. वकील बघितली की जरा लवकर हालतील." म्हणून मी गेले.

कार्यालयाबाहेरच्या ओट्यावर एक लांब बाक होतं. आम्ही बसलो होतो, तेवढ्यात युरोपातला एक तरुण येऊन तिच्या शेजारी बसला. कोल्हापुरी चपला कशा करतात ते शिकायला तो वर्षभर इथल्या एका कारागिराकडं राहिला होता. त्यालाही मुदत वाढवून हवी होती. दोघं हवामानाबद्दल काहीतरी बोलले. कारकुनानं दाराबाहेर डोकं काढलं, बाकाकडं पाहिलं आणि आमच्यानंतर आलेल्या त्या तरुणाला आत बोलावलं. थोड्या वेळानं तो पासपोर्ट खिशात घालत बाहेर आला, आम्हाला नमस्कार करून गेला.

मग आमची पाळी. कारकुनानं तिच्याकडं वर न बघताच सांगितलं, "रक्त तपासून या."

"आल्यावर तपासलं होतं," ती म्हणाली.

"परत तपासायचं. तुमच्याकडच्या लोकांचं दर वर्षी असतं."

मी विचारलं, "आत्ता जे गेले त्यांचं नाही तपासलं?"

"मॅडम, ते वेगळे."

"वेगळे म्हणजे? हे कुठं लिहिलंय?"

"तुम्ही वकील दिसताय. तुमचा वाद कोर्टात घाला. इथं रिपोर्ट आणा."

एड्स हा शब्द तेव्हा नवा होता. दवाखान्यांच्या भिंतींवर कवटीची चित्रं काढलेली असायची आणि त्या रोगाबद्दल माणसं आवाज खाली आणून बोलायची. तपासणीच्या ठिकाणी रक्त घेणाऱ्या माणसानं एकावर एक हातमोजे चढवले. ती शांतपणे हात पुढं करून बसली. ती स्वतः जंतूंचाच अभ्यास करत होती, तिला त्या हातमोज्यांचा अर्थ माझ्याआधी कळला. रिपोर्ट मिळाला त्या दिवशी कार्यालयातल्या एका माणसानं तो ओट्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचला. निगेटिव्ह होता. तरी बाकावरच्या दोन बायका उठून पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या.

परत येताना स्टेशन रोडवर ती म्हणाली, "अक्का, बातमी चांगली होती ना? मग सगळे तसे का बघत होते?"

मी तिचा हात धरून रस्ता ओलांडला.

तिच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या आठवड्यात मिळालं. एका स्थानिक वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी आली: आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या रक्ताची शहरात तपासणी होत आहे. कोणाचं नाव नव्हतं. गरजही नव्हती, आमच्या भागात आफ्रिकेतलं माणूस ती एकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले तिघे अप्पांकडं आले. तिघंही चांगली माणसं. त्यातल्या एकानं माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात पंगत वाढलेली.

"अप्पा, तेवढं भाडेकरू बदला," एक म्हणाले.

"का? काय केलं तिनं?"

"केलं न्हाय काय. पन सरकार रगात तपासतंय म्हंजे कायतरी असनारच की. बिनकामाचं कोन तपासंल?"

"तपासलं की. काय न्हाय म्हनून आलंय."

"आज न्हाय. पन परत तपासनार म्हंत्यात न्हवं? म्हंजे संशय हाय."

अप्पांनी तिघांना बसायला सांगितलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते चिडले नाहीत. "ह्ये बघा," ते म्हणाले, "तुमी म्हंताय त्यात तुमचा दोष न्हाय. सरकारनं बोट दावलं, तुमी बघायला लागला. पन खोली माझी हाय. ती पास होऊन जाईस्तवर ऱ्हानार." तिघं चहा पिऊन गेले. पुढं बरेच दिवस त्यातला एकजण आमच्या दारासमोरून जाताना पलीकडच्या कडेनं जायचा.

त्यांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. मी कायद्याच्या पुस्तकांत नियम म्हणजे कागदावरची ओळ असं शिकले होते. तो नियम कार्यालयाबाहेर पडून गल्लीत येतो, जिन्यापाशी थांबतो, माणसांना चालायची बाजू बदलायला लावतो, हे मला पुस्तकातून कळलं नसतं.

आणि तो आमच्या घरातही आला होता. अव्वानं तिचा पेला वेगळा काढून खिडकीत ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "मला भ्या वाटतंय. आता लपवून काय करू?" अव्वाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आमच्या भागातल्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांचं पूर्वी प्रसूतिगृह होतं, गल्लीतली निम्मी मुलं त्यांच्या हातची. अव्वानं त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. पेल्यानं होतं का, न्हाणीनं होतं का, डासानं होतं का. मग अव्वा इतक्या स्पष्ट प्रश्नांवर आली की अप्पा उठून अंगणात गेले. डॉक्टरीणबाईंनी एकाही प्रश्नाला हसून बगल दिली नाही. त्या दिवशी पेला परत फळीवर गेला असं मी म्हणणार नाही. तो खिडकीत आणखी काही दिवस होता. एके दिवशी बघितलं तर तिथं नव्हता.

जाताना डॉक्टरीणबाईंनी मला अंगणात थांबवलं. "तुझ्या आईला मी समजावलं. ते कार्यालय कोण समजावणार?"

असं आमचं काम सुरू झालं. समिती हा शब्द त्याला फार मोठा होता. डॉक्टरीणबाई, मी आणि एका छोट्या साप्ताहिकाचे संपादक. लक्ष्मीपुरीत त्यांचा छापखाना होता, तिथं मागच्या खोलीत कागदाच्या रिमांवर बसून आम्ही बोलायचो. संपादक अनुभवी होते, वेगवेगळ्या चळवळींची पत्रकं छापून त्यांचे केस पिकले होते. आमच्या शहरात समतेचा वारसा प्रत्येक भाषणात निघतो. ते म्हणायचे, "भाषणातला वारसा ओट्यावर चालतो का, ते बघूया."

आम्ही निवेदन लिहिलं. तपासणीचा नियम देश बघून लावू नये, कोणाचाही रिपोर्ट उघड वाचू नये, आणि ज्या नियमानं ही तपासणी होते तो आम्हाला लेखी दाखवावा. निवेदन द्यायला त्या कार्यालयाच्या साहेबांकडं कोण जाणार हे ठरवत होतो, तेव्हा ती छापखान्याच्या दारात उभी होती. तिला मी कागद दाखवायला बोलावलं होतं.

"मी पण येणार," ती म्हणाली.

संपादक म्हणाले, "तुम्ही नको. तुमची मुदत त्यांच्या हातात आहे. राग धरला तर परत पाठवतील."

"तुम्ही सगळे माझ्याबद्दल बोलताय," ती म्हणाली, "जशी मी आधीच परत गेले आहे."

ती आली.

साहेब सभ्य होते. आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला, निवेदन पूर्ण वाचलं. "तुमचं म्हणणं मला पटतंय," ते म्हणाले, "पण माझ्या हातात नाही. वरून आलंय."

"लेखी?" मी विचारलं.

"तोंडी."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "तोंडी सांगितल्यावर तुम्ही माणसाच्या दंडातनं रक्त काढता? मी आयुष्यभर सही घेतल्याशिवाय सुई टोचली नाही."

साहेब काही बोलणार तेवढ्यात ती बोलली. मराठीतच, सावकाश. "साहेब, रक्त द्यायला मी घाबरत नाही. कॉलेजात मी रोज जंतूच बघते. माझ्याशेजारी एक माणूस बसला होता. त्याला तुम्ही काय विचारलं आणि मला काय विचारलं? फरक कशाचा, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"देशाचा," साहेब म्हणाले.

"आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा कुणी आमचा पासपोर्ट उघडला नव्हता. मग देश कशावरून ओळखला?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. ते म्हणाले, "ठीक आहे. यापुढं सगळ्यांचं तपासू. कुठलाही देश असो. आणि रिपोर्ट बंद पाकिटात येईल."

बाहेर आल्यावर संपादक खूश होते. डॉक्टरीणबाईंना काय वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. "मी सगळ्यांचं घ्या असं कुठं म्हटलं होतं?" ती म्हणाली. "मला माझा अपमान सगळ्यांना वाटून द्यायचा नव्हता, अक्का."

पण साहेबांनी शब्द पाळला. काही महिन्यांनी तो चपला शिकणारा तरुण आमच्या घरी आला. त्याला सहाच महिन्यांची मुदत मिळाली होती, ती पुन्हा वाढवून हवी होती आणि या वेळी त्याला रक्त तपासून यायला सांगितलं होतं. तो रागावलेला कमी आणि गोंधळलेला जास्त दिसत होता. "हे तुमच्यामुळं झालं, असं तिथं सांगितलं," तो म्हणाला.

ती हसायला लागली. मग तिनं त्याला अंगणातल्या पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं: हातमोजे, ओट्यावर मोठ्यानं वाचलेला रिपोर्ट, गल्लीतले तिघे. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं. मी त्याच बाकावर बसलो होतो आणि मला काहीच दिसलं नाही." आपल्या दूतावासाला तो त्याच दिवशी लिहिणार होता.

त्यानं लिहिलं. त्याच्या दूतावासानं कुणाला काय कळवलं ते आम्हाला कधी समजलं नाही. पण पावसाळा सरायच्या आत त्या कार्यालयातली तपासणी बंद झाली. त्याची, तिची, सगळ्यांची. बंद करण्याचा हुकूमही तोंडीच आला.

मी ही बातमी तिला जिन्यात सांगितली. तिच्या हातात धुतलेले कपडे होते. ती खालच्या पायरीवर बसली. "मी पण माझ्या दूतावासाला लिहिलं होतं," ती म्हणाली. "त्याच्या कितीतरी आधी. दोनदा." तिला उत्तर आलं होतं का, हे मी विचारलं नाही.

संपादकांनी अंकासाठी मथळा तयार ठेवला होता: 'लढ्याला यश'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यश कुणाचं ते नीट लिहा. संपादक म्हणाले, लोकांना उमेद लागते, प्रत्येक गोष्टीचं शवविच्छेदन केलं तर पुढच्या वेळी कोण येणार? दोघांचंही खरं होतं. शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, "जसं झालं तसं छापा. माझं रक्त मागितलं तेव्हा नियम होता. त्याचं मागितलं तेव्हा नियम चुकीचा ठरला." संपादकांनी मथळा काढून टाकला आणि तेच छापलं. साप्ताहिक वाचणारे थोडे. फार काही घडलं नाही. पण साहेबांनी अंक मागवून घेतला होता, असं नंतर कळलं.

तोंडी आलेलं तोंडीच परत येऊ शकतं, म्हणून आम्ही थांबलो नाही. नियम लेखी असावा आणि तो रंग किंवा देश बघून लावू नये, अशी मागणी दिल्लीला पाठवायची, तीही लोकांच्या सह्यांसह, असं ठरलं. रविवारी सकाळी बिंदू चौकात आम्ही टेबल मांडायचो. लोक थांबायचे, वाचायचे, आणि कोल्हापूरच्या रीतीप्रमाणं मोठ्यानं मत द्यायचे. "हितल्या पोरास्नी काम न्हाय आनि तुमी परदेशी लोकांचं घिऊन बसलाय?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "त्यास्नी आमच्या देशात यायचं तर आमचा कायदा पाळू द्या की." तिनं त्याला उत्तर दिलं, "पाळते की. कायदा दाखवा, पाळते." तिच्या तोंडचा तो 'की' ऐकून माणूस आधी चपापला, मग हसला. सही केली नाही, पण हसला.

तिथंच आम्हाला पेठ वडगावचा एक गवंडी भेटला. टेबलावरचा कागद तो बराच वेळ वाचत उभा होता. मग म्हणाला, "माझं घ्या नाव. मी आखातातनं माघारी आलोय."

डॉक्टरीणबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. तो सांगायला लागला. तो कामाला गेला होता, तिथं पोचल्यावर छातीचा फोटो काढला, त्यात कसलातरी डाग दिसला. "जुना डाग हुता, बाई. लहानपनीचा. मी सांगत हुतो, पन माझं कोन ऐकतंय? ढोरागत वळीत उबं केलतं. गोऱ्या सायबाची वेगळी खोली, आमची वेगळी. दुसऱ्या दिवशी इमानात घातलं."

"इकडं आल्यावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"इकडं गावात म्हनायला लागले, ह्येला कायतरी रोग हाय म्हनून धाडलाय. पोरीचं जमत आलतं, त्ये मोडलं."

ती त्याच्याकडं बघत होती. तिचं मराठी तेवढं चांगलं झालं होतं, तिला प्रत्येक शब्द कळला. तिनं टेबलाच्या या बाजूची आपली खुर्ची सरकवून त्याला जागा केली. त्या दिवशी दुपारपर्यंत तो आमच्यात बसून सह्या घेत राहिला. आमच्या कोणापेक्षाही त्याला जास्त सह्या मिळाल्या. लोकांना आमचं म्हणणं पहिल्यांदाच समजत होतं, कारण सांगणारा त्यांच्यातला होता.

त्याच्यामुळं आमच्या कामाची दिशाच थोडी बदलली. तोवर आम्ही येणाऱ्यांचं बोलत होतो. आता जाणारेही आले. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांवरून, गडहिंग्लजच्या बाजूच्या खेड्यांतून बाहेर गेलेले आणि कसल्याशा शेऱ्यावर परत पाठवलेले लोक छापखान्यात यायला लागले. तिथंही तोच प्रकार: एकाच रांगेतल्या माणसांना वेगवेगळे प्रश्न, आणि प्रश्न विचारण्याआधी तोंडाकडं टाकलेली नजर. दिल्लीला पाठवलेल्या मागणीत आम्ही दोन्ही बाजू लिहिल्या. आपण दुसऱ्यांशी जसं वागतो त्याचा जाब विचारल्याशिवाय दुसरे आपल्या माणसांशी कसं वागतात त्याचा जाब विचारता येत नाही, असं वाक्य गवंड्यानंच सुचवलं. त्याचं मूळचं कोल्हापुरी वाक्य याहून बरंच तिखट होतं. संपादकांनी ते सरकारी भाषेत बसवलं.

दिल्लीहून पोच आली. त्यापलीकडं काही आलं नाही.

तिची परीक्षा झाली, चांगल्या मार्कांनी पास झाली. अप्पा तिला स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी सुटेपर्यंत ते उसाच्या भावाबद्दल बोलत होते, कारण त्यांना दुसरं काही बोलता येत नव्हतं. ती परत गेली आणि एका कॉलेजात शिकवायला लागली. पुढं फोन स्वस्त झाले तेव्हा ती अव्वाला फोन करायची. दोघी मराठी-कानडीच्या कसल्याशा मिश्रणात तासभर बोलायच्या. अप्पा गेले तेव्हा मी तिला कळवलं. ती म्हणाली, फोन अव्वाकडं दे.

रक्ततपासणीचा तो नियम पुढं देशातूनच गेला, असं ऐकलं. त्यात आमच्या सह्यांचा किती हात होता, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. बहुधा नसावाच, किंवा नखाएवढा. इतर शहरांत आमच्यासारखे लोक होते, काही कोर्टात गेले होते, काही डॉक्टर जाहीरपणे बोलले होते. एखादा नियम पडतो तेव्हा तो नेमका कुणाच्या धक्क्यानं पडला ते कळत नाही, हे मला वकिलीपेक्षा या कामानं जास्त शिकवलं. म्हणून मी आता यशाबद्दल जपून बोलते.

दोन हजार सालानंतर शहरात परदेशी विद्यार्थी वाढले. आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतली मुलं-मुली इंजिनिअरिंगला, फार्मसीला यायला लागली. तपासणी नव्हती, पण नव्या तक्रारी होत्या. घरमालकानं नाही म्हटलं की पत्ता नाही, पत्ता नाही तर मुदत वाढवणाऱ्या कार्यालयात परदेशी म्हणून नोंदणी नाही, नोंदणी उशिरा झाली की दंड आणि चौकशी. गोऱ्या विद्यार्थ्याला मात्र उशिराबद्दल समज देऊन सोडलं जायचं. त्यांनी आपली एक संघटना केली आणि एके दिवशी दुपारी मला बैठकीला बोलावलं. माझे केस तोवर पांढरे व्हायला लागले होते. मी सवयीनं पुढच्या खुर्चीकडं निघाले तर अध्यक्ष मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही इथं आमच्यात बसा." मी त्यांच्यात बसले.

निवेदन त्यांनीच लिहिलं होतं. माझं काम एवढंच, की मराठी तपासून द्यायचं. मी वाचत गेले आणि पहिल्या ओळीत एक बदल सुचवला. "'आम्ही या शहराचे पाहुणे' असं लिहूया का? कोल्हापुरात अनोळखी माणसाला 'पावणं'च म्हणतात. लोकांना बरं वाटेल."

शेवटच्या रांगेत बसलेला, चार वर्षं इथं काढलेला एक विद्यार्थी म्हणाला, "मला पण रोज म्हणतात. 'काय पावणं, कुठं निघाला?' प्रेमानं म्हणतात, मला आवडतं. पण मॅडम, पावण्याला लोक दुसऱ्या दिवशी विचारतात, परतीची गाडी कितीची हाय?"

सगळे हसले, मीही हसले. मग काय लिहायचं यावर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला विद्यार्थी. एक मुलगी म्हणाली, विद्यार्थी तर फक्त कॉलेजात. आम्ही दूध इथं घेतो, दवाखान्यात इथं जातो, भाडं इथं भरतो. नागरिक लिहिता येत नाही, ते खोटं होईल. बराच वेळ शब्द शोधणं चाललं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी 'रहिवासी' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि त्याचा अर्थ सांगितला: जो राहतो तो. अध्यक्ष मुलीनं तो दोन-तीनदा उच्चारून बघितला आणि वहीत उतरवला.

चार दिवसांनी ते निवेदन द्यायला गेले. मी गेले नाही; त्यांनी बोलावलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. नवीन अधिकारी तरुण होत्या. त्यांनी निवेदन वाचलं, आणि उशिराच्या नोंदणीला सगळ्यांना एकच नियम लावू, तो बाहेर फलकावर लेखी लावू, असं सांगितलं. घरमालकांबद्दल मात्र त्यांना काही करता येणार नव्हतं.

"फलक लागला का?" मी विचारलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "आम्ही सोमवारी परत जाणार आहोत बघायला."